युरियाने मित्रकिडी मरत नाहीत, मागे पडतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जालना जिल्ह्यात बांधाला बांध लागून तुमचं आणि धाकट्या भावाचं शेत. दोघांकडे एकाच वाणाची बीटी कपाशी, चार बाय दीड फुटावर लावलेली, कोरडवाहू, पेरणीत एका दिवसाचा फरक. आज ६५ दिवसांनी तुमची कपाशी काळपट हिरवी आणि कमरेच्या वर आहे, पण पानं चिकट झालीत, मावा आणि तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडी भरपूर. भावाची कपाशी बुटकी आणि रंगाने जरा फिकी, पण तिच्यावर कीड कमी आणि लेडीबर्ड जागोजागी. पेरणीबरोबर दोघांनी एकरी एक गोणी डीएपी दिलं. त्यानंतर २५व्या आणि ४५व्या दिवशी तुम्ही युरियाची एकेक गोणी टाकली, भावाने दोन्ही वेळा अर्धी. पोटॅश कुणीच दिलं नाही. ३०व्या दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही अ‍ॅसिफेट हे कीटकनाशक आणि १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एकाच पंपात फवारलं. ५०व्या दिवशी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची ५,००० अंडी आणून सोडली, ती "फुकट गेली". आणि आता तुम्ही विचारता, युरियामुळे मित्रकिडी, म्हणजे किडींना खाणारे कीटक, पळून जातात का?

पळून जात नाहीत, मरतही नाहीत. युरियाचं काम वेगळं आहे: तो किडीला धावायला लावतो आणि मित्रकीड आपल्या नेहमीच्या चालीने मागून येत राहते. तुमच्या शेतात लेडीबर्ड दिसत नाहीत त्याचं थेट कारण युरिया नाही, ३०व्या दिवसाचा पंप आहे. पण तो पंप हातात घ्यायची वेळ का आली, याच्या मुळाशी युरिया असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू.

आधी हिशेब. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के म्हणजे ९ किलो नत्र (नायट्रोजन). युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो. म्हणजे तुम्ही एकरी ५० किलोच्या वर नत्र दिलं, भावाने जेमतेम ३०. कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी ६० किलोच्या आसपास, म्हणजे एकरी साधारण २४ किलो नत्र पुरतं. तुम्ही दिलेलं नत्र बागायती कपाशीचं आहे. खतात हात सैल सुटणारे तुम्ही एकटे नाही. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि २०१० साली बाकीच्या खतांचं अनुदान बदललं तेव्हा युरिया त्यातून बाहेर राहिला. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) महागले, युरिया तसाच स्वस्त राहिला. चार दिवसांत पान हिरवं झालेलं डोळ्यांना दिसतं, पोटॅशचं काही दिसत नाही. माणूस दिसतं ते टाकतो.

फवारलेल्या १९:१९:१९ ला मात्र दोष देऊ नका. एकराला १० पंप, पंपाला १०० ग्रॅम धरलं तर त्यातून गेलेलं नत्र १९० ग्रॅम. गोण्यांसमोर हे चिमूटभर. त्या पंपातलं अ‍ॅसिफेट मात्र चिमूटभर नव्हतं.

आता नत्राने नेमकं होतं काय. मावा पानाच्या शिरेत सोंड खुपसून जो रस पितो, त्यात साखर भरपूर असते आणि अंग वाढवायला, पिल्लं घालायला लागणारी अमिनो आम्लं थोडी असतात. ती थोडी अमिनो आम्लं मिळावीत म्हणून मावा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. तोच तुमच्या पानावरचा चिकटा, ज्यावर पुढे काळी बुरशी चढते. झाडाला नत्र वाढवून दिलं की या रसातली अमिनो आम्लं वाढतात. पातळ ताकाच्या जागी घट्ट दूध मिळावं तसं. मादी लवकर वयात येते, जास्त पिल्लं घालते. शिवाय आपल्या हवेत कपाशीवरच्या माव्याला नर लागत नाही आणि अंडीही घालावी लागत नाहीत, मादी थेट पिल्लंच देते. त्यामुळे मिळालेला फायदा लगेच पुढच्या पिढीत उतरतो.

हे किती फरक करतं ते कागदावर करून बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत, मोजलेले नाहीत. समजा भावाच्या शेतात मावा चार दिवसांत दुप्पट होतो आणि तुमच्याकडे तीन दिवसांत. फरक एका दिवसाचा. २४ दिवसांनी भावाकडे एकाचे ६४ होतात, तुमच्याकडे २५६. सुरुवात दोघांची एकाच माव्यापासून.

ढालकिड्याला, म्हणजे तुमच्या लेडीबर्डला, अंड्यातून निघून अळी, कोष करत पुन्हा ढालकिडा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. मावा कितीही दुधाळ झाला तरी हा काळ फारसा आखडत नाही. मादी बाहेरून उडत येते, मावा दिसला तिथे पिवळ्या अंड्यांचा पुंजका उभा लावते, त्यातून अळ्या निघतात आणि खरी खाणारी ती अळी. भावाच्या शेतात ही फौज तयार होईपर्यंत खायला ६४ होते, तिने ते आवरले. तुमच्याकडे २५६ झाले असते. निसर्गाचा बंदोबस्त मोडतो तो असा, नुसता वेळ चुकल्याने.

इथे एक उलटी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर उत्तर अर्धवट राहील. चांगल्या पोसलेल्या माव्यावर वाढलेली मित्रकीडही चांगली पोसते. ढालकिड्याच्या माद्या जास्त अंडी घालतात, माव्याच्या पोटात वाढणाऱ्या परोपजीवी माश्या आकाराने मोठ्या निघतात. जास्त नत्र दिलेल्या, न फवारलेल्या शेतात मित्रकिडी मोजल्या तर त्या संख्येने जास्तही सापडू शकतात. म्हणून "युरिया दिला की मित्रकिडी कमी होतात" हे वाक्य मी कधी बोलत नाही. त्या वाढतात, पण कीड त्याहून वेगाने वाढते.

नत्राची आणखी दोन कामं आहेत. एक, झाडाचं स्वतःचं संरक्षण ढिलं पडतं. कपाशी आपल्या पानात कडू-तुरट द्रव्यं साठवते, पान जाड ठेवते. नत्राच्या जोरावर धावणारं झाड सगळी मिळकत वाढीवर खर्च करतं, पान मऊ राहतं, तुरटपणा उतरतो. अशा पानावर पीक खाणारी अळीही लवकर वाढते. अळी लहान असते तेवढे दिवसच ती परोपजीवी माशीला, कोळ्याला, शिकारी ढेकणाला सोपी असते. ते दिवस कमी झाले की शिकाऱ्याची संधी तेवढीच आखडते. दोन, कपाशी दाटते. आत ओल धरते, खालच्या पानांवर ऊन जात नाही आणि फवाऱ्याचा थेंबही पोचत नाही. दाट कपाशीत फवारणाऱ्याचे काय हाल होतात ते २०१७ सालच्या विषबाधांत यवतमाळने पाहिलं. डोक्याएवढ्या पिकात शिरून वर तोंड करून फवारताना औषध अंगावरच येतं. तो विषय मोठा आहे, आज नको.

आता तुमचा ३०वा दिवस. बीटी बियाण्याला रसशोषक किडींविरुद्धचं औषध बहुधा चोळूनच येतं आणि महिनाभर तरी काम करतं. त्यामुळे त्या दिवशी शेतात फार कीड असेल असं मला वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की "थोडा मावा होता". तो थोडा मावा म्हणजे मित्रकिडींचं पहिलं जेवण. त्यावर पहिले ढालकिडे, सिरफीड माशीच्या अळ्या, क्रायसोपा येऊन बसलेले असणार. अ‍ॅसिफेटने मावा मेला, तेही मेले. मग मावा परत आला, मित्रकिडींना मात्र परत शून्यापासून सुरुवात करावी लागली. आणि बरोबर ४५व्या दिवशी, मावा पुन्हा बसत असताना, तुम्ही दुसरी गोणी टाकली. मी पंचवीस वर्षं शेतं फिरतोय, हा क्रम इतक्यांदा पाहिलाय की आता गोण्यांच्या आणि फवारणीच्या तारखा ऐकल्या तरी पान न बघता अंदाज येतो.

क्रायसोपा फुकट का गेली, तेही हिशेबानेच कळतं. चार बाय दीड फुटावर एकरात ७,२६० झाडं बसतात. अंडी ५,०००. झाडाला एक अंडंसुद्धा नाही. झाडाला ५० पानं आणि पानाला २० मावा धरला तर एका झाडावर १,००० मावा, आणि क्रायसोपाची एक अळी आयुष्यभरात काही शे मावा खाते. शिवाय चिकट्यावर मुंगळे येतात. ते माव्याची राखण करतात आणि क्रायसोपाची अंडी पळवतात. तुम्ही अंडी कागदाच्या तुकड्यांवरून पानाला टाचली असतील तर अर्धी मुंगळ्यांनीच नेली असतील. अंडी विकणाऱ्याने फसवलं असं समजू नका. मित्रकीड सोडायची ती कीड नुकती दिसायला लागली असताना, तुमच्याकडे आग लागल्यावर तांब्याभर पाणी गेलं.

हे बोलताना मला ऊस आठवतो. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा उतरला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रातले मळे पांढरे झाले. लोकांनी ड्रोनशिवायच्या त्या काळात उभ्या उसात शिरून फवारायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी आवर घातला तो डिफा (जिला तेव्हा सगळे कोनोबाथ्रा म्हणायचे) आणि मायक्रोमस या दोन मित्रकिडींनी. शेतकरी अळ्या असलेली पानं कापून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात नेऊन बांधत होते. त्याच वेळी सल्ला दिला जात होता की नत्र शिफारशीपुरतंच द्या. युरिया ओतलेल्या मऊ उसात मावा मित्रकिडीच्या पुढे निघून जातो, हे तिथे डोळ्यांनी दिसत होतं.

तुडतुड्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे सगळ्यात महागडी चूक होते. तुडतुडे म्हणजे पानाखाली तिरके चालणारे फिकट हिरवे किडे. ते रस शोषताना पानात विषारी लाळ सोडतात. पानाची कड आधी पिवळी पडते, मग लाल होते आणि पान खाली मुडपतं. हे बांधावरून पाहिलं तर "लाल्या" वाटतं, म्हणजे नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलंय. शेतकरी काय करतो? आणखी अर्धी गोणी युरिया. तुडतुड्यांना पंगत. एकदा एका शेतकऱ्याने मला लाल पानांचा गुच्छ पिशवीत घालून आणून दिला आणि कोणतं खत टाकू विचारलं. पिशवी उघडली तर आतून तुडतुडेच उडाले. तेव्हा नियम साधा ठेवा: लाली दिसली की आधी पान उलटं करा. खाली पिल्लं तिरकी पळाली आणि कड मुडपलेली असेल तर तो तुडतुडा. खाली काही नाही, शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, झाडाला बोंडं लगडलेली, तर खताचा विचार करा. खरा लाल्या नत्र कमी पडल्यानेही येतो, म्हणून "युरिया बंद" हा धडा यातून घेऊ नका. बोंडं भरताना उपाशी राहिलेलं झाडही टिकत नाही.

पोटॅशचं असं आहे की पालाश कमी पडलं तर पानात तयार झालेली अमिनो आम्लं आणि साखर पुढे नीट जोडली जात नाहीत, सुटीच साठून राहतात. म्हणजे माव्याला पुन्हा तेच घट्ट दूध. पण आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच बऱ्यापैकी असतं, तेव्हा कुणी सांगतो म्हणून डोळे झाकून गोण्या टाकण्यात अर्थ नाही. माती परीक्षणाचा कागद काढा. हलकी, मुरमाड जमीन आणि बोंडांचा भार जास्त, अशा ठिकाणी पालाशचा फरक स्पष्ट दिसतो. तुमची जमीन कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमचा उपप्रश्न: सगळं शेणखतावर केलं तर? कुजलेल्या शेणखताचा मित्रकिडींना एक फायदा होतो जो पोत्यातल्या खताने कधी होत नाही. त्यात बारीक जीव वाढतात, कुजणारं खाऊन जगणारे, पिकाला न लागणारे. पिकावर कीड यायच्या आधी कोळी आणि भुंगेरे याच जिवांवर जगतात. जावा बेटावरच्या भातात सेटल हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, १९९६ साली ते प्रसिद्ध झालं: सेंद्रिय पदार्थ वाढवले की हे निरुपद्रवी जीव वाढले, त्यांच्यामागे शिकारी वाढले, आणि भातावरची कीड यायच्या वेळी शिकारी आधीच हजर होते. इंडोनेशियाला हे शोधावं लागलं ते तपकिरी तुडतुड्यांनी हैराण केल्यामुळे. युरियावर पोसलेलं भात आणि त्यावर फवारे, असा तिथलाही क्रम होता. १९८६ साली त्यांनी भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली. आज आपल्याकडे कृषी विभाग जी शेतीशाळा भरवतो, ती पद्धतही तिथल्याच भातखाचरातून १९८९ साली सुरू झाली.

पण शेणखत म्हणजे कुजलेलं शेणखत. उकिरड्यावरून अर्धं कच्चं आणून टाकाल तर मुळं खाणाऱ्या हुमणीला आमंत्रण. आणि कोंबडखताला सेंद्रिय म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातलं नत्र भरभर सुटतं, जास्त पडलं तर मावा युरियासारखाच वाढतो. माव्याला गोणीवरचं नाव वाचता येत नाही.

आता तुमच्या शेतात आज काय करायचं. तिसरी गोणी आणून ठेवली असेल तर ती रब्बीसाठी राहू द्या. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, भिंग घेऊन शेतात आडवेतिडवे फिरा आणि २० झाडं निवडा. त्यांना चिंध्या बांधा. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं असं एकेक पान हळूच उलटं करा. झटका दिलात तर तुडतुडे आणि पांढरी माशी उडून जातील. मावा, तुडतुड्यांची पिल्लं आणि फुलकिडे मोजा, पांढऱ्या माशीचे प्रौढ मोजा. पानाला सरासरी १० मावा, २ ते ३ तुडतुडे, १० फुलकिडे किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या, ही फवारणीचा विचार सुरू करायची पातळी.

त्याच पानावर दुसऱ्या बाजूचीही मोजणी करा, ती कुणी करत नाही. केसाएवढ्या देठावर उभं असलेलं पांढरं अंडं क्रायसोपाचं. करडी-काळी, अंगावर पिवळे ठिपके असलेली, छोट्या सुसरीसारखी दिसणारी अळी ढालकिड्याची. हिलाच लोक कीड समजून चिरडतात. माव्याच्या घोळक्यात एखादा मावा फुगून गव्हाळ, कडक झालेला दिसेल, हलवला तरी हलणार नाही. त्याच्या पोटात परोपजीवी माशी आहे. भिंगाखाली त्याच्या पाठीला गोल, कातरल्यासारखं भोक दिसलं तर ती निघून पुढच्या माव्याला लागली. असे फुगलेले मावे पानागणिक चार-पाच दिसायला लागले तर मी फवारणी सरळ आठ दिवस पुढे ढकलतो. शेतीशाळेत दोन किडींमागे एक मित्रकीड असा ठोकताळा सांगतात. माव्यासाठी तो शब्दशः लावू नका, आठवड्यात मावा वाढतोय की उतरतोय ते बघा.

तुमच्या वर्णनावरून तुडतुडे पातळीच्या वर असणार. तसं निघालं तर अ‍ॅसिफेट किंवा पायरेथ्रॉइड गटातलं कुठलंही कीटकनाशक नको. नुसत्या माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेल. तुडतुडे फारच असतील तर फ्लोनिकामिड, लेबलवरच्या मात्रेत, आणि पंपात दुसरं काही मिसळायचं नाही, टॉनिकसुद्धा नाही. दाट कपाशीचा एकच फायदा म्हणजे आतली ओल. सलग दोन-तीन ढगाळ दिवस असतील तर व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशीचं औषध संध्याकाळी मारून पाहण्यासारखं आहे, कोरड्या उन्हात पैसे वाया. बोंडअळीवर इथे लिहीत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की नत्राने लांबलेली कपाशी डिसेंबरनंतर उभी राहिली तर गुलाबी अळी बोंडाच्या आत असते, तिथे कुठलीच मित्रकीड पोचत नाही.

पुढच्या वर्षी एकरी नत्र २४-२५ किलोवर आणा. डीएपीच्या गोणीनंतर राहतो साधारण ३५ किलो युरिया, म्हणजे एका गोणीपेक्षाही कमी. तो एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी अर्धा-अर्धा करून, ओल असताना द्या आणि लगेच डवऱ्याने झाका. हप्ता द्यायच्या आदल्या दिवशी पानं उलटून बघा. मावा नुकता बसत असेल तर हप्ता आठ-दहा दिवस मागे घ्या, तेवढ्यात मित्रकीड पोचते. धुऱ्याला, म्हणजे बांधाच्या कडेला, दोन ओळी मका किंवा ज्वारी लावा. त्यावरचा मावा कपाशीवर येत नाही, पण ढालकिडे तिथे पोसले जातात आणि मग आत उतरतात. भावाच्या धुऱ्याला ज्वारी आहे का, तेही बघून सांगा. मला शंका आहे की असेल.

मोजलेले आकडे आधी दोन्ही शेतांचे लिहून ठेवा, मग आठव्या दिवशी चिंध्या बांधलेल्या त्याच झाडांवर पुन्हा मोजा आणि दोन्ही वेळचे आकडे मला पाठवा. पानाचा फोटो पाठवाल तर खालच्या बाजूचा पाठवा, मागच्या वेळी तुम्ही वरची बाजू पाठवली होती.